महामारीतील शेती-साहाय्य आणि खातेदाराची नोंद : कळंब तालुक्याच्या अनुषंगाने एक विवेचन

१. विषय आणि स्थळ

यवतमाळच्या पूर्वेस सुमारे २२ किलोमीटरांवर, नागपूरकडून येणाऱ्या हमरस्त्यावर, चक्रावती नदीच्या काठी कळंब हे तालुक्याचे गाव वसले आहे. धाराशिव जिल्ह्यातील कळंब ते वेगळे. जमिनीच्या पातळीहून खोल असलेल्या चिंतामणी गणेशाच्या मंदिरामुळे यवतमाळ जिल्ह्यातील हे कळंब भाविकांना परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकास ते आणखी एका कारणाने ठाऊक असते. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील सरकारांची जी यादी आहे तीत कळंबचे नाव एका स्वतंत्र सरकारचे ठाणे म्हणून येते. या भूभागाची जमीन राज्याच्या महसुली दप्तरात निदान सव्वाचारशे वर्षे लिहिली जात आहे, एवढा अर्थ त्या नोंदीतून निश्चित निघतो. दप्तर कोणाचे होते हे काळानुसार बदलत गेले. परंतु राज्यकर्त्याने शेतकऱ्याला ओळखावयाचे ते दप्तराच्याच द्वारे, ही रीत बदलली नाही.

२०२० साली कोविडच्या महामारीत सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यांत रोख रक्कम जमा केली. कोरडवाहू कापूस, तूर आणि सोयाबीन यांवर जगणाऱ्या कळंबसारख्या तालुक्यात ही घटना नवी होती. महामारी पूर्वीही आली होती, शासनाचे साहाय्यही पूर्वी मिळाले होते. परंतु कोणतेही काम न मागता, कोणतीही परतफेड न मागता, महामारी चालू असतानाच थेट पैसा मिळावा असे पूर्वी घडले नव्हते. हे साहाय्य कोणास मिळाले, कोणत्या मापाने मिळाले आणि त्या मापाचा महामारीने झालेल्या हानीशी कितपत संबंध होता, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. तो करताना वर्तमानातील घटना जुन्या महसुली व्यवस्थेच्या पार्श्वभूमीवर ठेवणे अगत्याचे आहे. कारण २०२० चे साहाय्य ज्या वाटेने वाहिले ती वाट एकोणिसाव्या शतकात खणली गेली होती.

२. जुनी साधने : तगाई, तहकुबी आणि सूट

१८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्यानंतरच्या दशकांत येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पद्धतीची पाहणी व आकारणी झाली. जमिनीचे सर्वे नंबर पाडले गेले, प्रत्येक नंबरावर आकार बसला आणि तो आकार भरण्यास जबाबदार असा एक मनुष्य, म्हणजे खातेदार, दप्तरात दाखल झाला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला. मध्यप्रांताच्या इतर भागांत मालगुजारी पद्धत होती, वऱ्हाडात मात्र रयतवारीच राहिली. खातेदार ही महसूल वसुलीच्या सोयीसाठी निर्माण झालेली संज्ञा होती. जमीन कोण नांगरतो, कोण निंदतो, कोण वेचतो या गोष्टींशी तिचा संबंध असेलच असे नव्हे. सारा कोण भरतो एवढ्याच प्रश्नाचे ते उत्तर होते.

आपत्ती आली म्हणजे सरकार या खातेदारास तीन प्रकारे साहाय्य करी. पहिला प्रकार तगाईचा. १८८३ चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा आणि १८८४ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा यांच्या आधारे विहीर, बांध, बैल, बियाणे यांसाठी कर्ज दिले जाई. दुसरा प्रकार तहकुबीचा, म्हणजे साऱ्याची वसुली पुढे ढकलण्याचा. तिसरा प्रकार सुटीचा, म्हणजे सारा अंशतः किंवा पूर्णतः माफ करण्याचा. या तिन्हींत एक समान सूत्र आढळते. सरकारने खातेदाराच्या हाती विनामोबदला पैसा ठेवावयाचा नाही. तगाई फेडावयाची असे, तहकुबी पुढे भरावयाची असे आणि सूट म्हणजे सरकारने आपल्याच येण्यावर सोडलेले पाणी असे.

मजुरासाठी व्यवस्था निराळी होती. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळ-संहितांनी असे ठरविले की, अंगात बळ असलेल्यास सरकारी कामावर मजुरी द्यावी आणि अपंग, वृद्ध व निराधार यांना खैरात द्यावी. खडी फोडणे, रस्ते बांधणे, तलाव खोदणे ही दुष्काळी कामे त्यातूनच आली. १८९९–१९०० च्या दुष्काळाची झळ वऱ्हाडास फार तीव्रतेने बसली. १८९१ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे २७.५ लाखांवर आली, यावरून त्या दशकाची कल्पना येते.

अशा प्रकारे आपत्तीच्या प्रसंगी ग्रामीण समाजाचे दोन भाग पडले. खातेदारास सारा व कर्ज यांबाबत सवलत मिळे, मजुरास काम मिळे. या दोहोंच्या मध्ये असलेला मनुष्य, म्हणजे दुसऱ्याची जमीन बटईने किंवा मक्त्याने कसणारा, याचे स्थान मात्र अनिश्चित राहिले. साऱ्याची सूट खातेदाराला मिळे; ती कसणाऱ्यापर्यंत पोचेलच याची खात्री नसे. पुढील विवेचनात या मधल्या मनुष्याकडे पुनः पुनः यावे लागेल.

३. १९१८ ची साथ

इन्फ्लूएंझाची दुसरी आणि प्राणघातक लाट १९१८ च्या सप्टेंबरनंतर देशभर पसरली. हिंदुस्थानातील बळींची संख्या निरनिराळ्या अभ्यासकांनी सव्वा कोटी ते दोन कोटी यांच्या दरम्यान मानली आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. त्याच वर्षी पाऊसही अपुरा पडला होता. साथीचा विशेष असा की, ती बालके व वृद्ध यांपुरती न राहता वीस ते चाळीस या वयाच्या कर्त्या माणसांना गाठीत होती.

कापूसपट्ट्याच्या दृष्टीने तिचा काळ अत्यंत प्रतिकूल होता. ऑक्टोबर–नोव्हेंबर म्हणजे कापसाच्या वेचणीचा, ज्वारी राखण्याचा आणि रब्बीच्या पेरणीचा हंगाम. वेचणीचे काम प्रामुख्याने स्त्रियांच्या हातचे आणि या साथीत स्त्रियांचा मृत्युदर पुरुषांहून अधिक होता. म्हणजे १९१८ च्या महामारीने शेतीचे जे नुकसान केले ते मुख्यतः मनुष्यबळाचे होते.

या नुकसानीस भरून काढणारे कोणतेही कलम तत्कालीन व्यवस्थेत नव्हते. दुष्काळ-संहिता पीक बुडाल्यावर जागी होई. माणसे दगावल्यावर नव्हे. १८९७ चा साथरोग कायदा मुंबईतील प्लेगच्या निमित्ताने झाला होता. त्याने सरकारला तपासणीचे, विलगीकरणाचे व प्रवास रोखण्याचे विस्तृत अधिकार दिले. खर्च, आणि भरपाई द्यावयाची झाल्यास तीही, कोणी सोसावी हे ठरविण्याचे काम त्याने सरकारवर सोपविले. परंतु भरपाई मागण्याचा हक्क कोणास दिला नाही. या कायद्याचे येथे स्मरण करण्याचे कारण असे की, मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्बंध जारी केले ते याच १८९७ च्या कायद्याच्या आधारे. देशव्यापी टाळेबंदी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखाली झाली. निर्बंधाचा अधिकार आणि साहाय्याचा मार्ग हे दोन्ही अशा प्रकारे जुन्या दप्तरांतून आले.

४. २०२० चे साहाय्य

२४ मार्च २०२० रोजी टाळेबंदी जाहीर झाली आणि २६ मार्च रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी १.७० लाख कोटी रुपयांची ‘पंतप्रधान गरीब कल्याण’ योजना घोषित केली. तीत शेतकऱ्यांविषयीचा मुख्य भाग असा होता की, प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलच्या आरंभीच देण्यात येईल व त्याचा लाभ सुमारे ८.७ कोटी शेतकरी कुटुंबांस होईल. याशिवाय जनधन खाते असलेल्या स्त्रियांना तीन महिने दरमहा ५०० रुपये, शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो मोफत धान्य आणि रोजगार हमीच्या मजुरीत वाढ या तरतुदी होत्या.

सन्मान निधीची योजना महामारीसाठी जन्मलेली नव्हती. १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ती जाहीर झाली. आरंभी ती २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती. त्याच वर्षीच्या जूनपासून, आयकर भरणारे, सरकारी नोकर इत्यादी वर्ग वगळून, सर्व जमीनधारक कुटुंबांना ती लागू झाली. वर्षास ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. त्यांतील एप्रिल ते जुलै या काळाचा हप्ता २०२० मध्ये मुदतीच्या प्रारंभीच दिला गेला. म्हणजे जे देणे होते ते लवकर दिले गेले. अधिक काही दिले गेले असे नव्हे.

अर्थसंकल्पाचे आकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. २०२०-२१ साठी सन्मान निधीची तरतूद ७५,००० कोटी रुपये होती आणि ती महामारीपूर्वीच, फेब्रुवारी २०२० मध्ये, मांडली गेली होती. सुधारित अंदाजात ती ६५,००० कोटींवर आली. उलट राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीसाठी मुळात ६१,५०० कोटींची तरतूद होती. तीत मे २०२० मध्ये ४०,००० कोटींची भर घातली गेली आणि सुधारित अंदाज १,११,५०० कोटींवर गेला. महामारीच्या वर्षात खरीखुरी वाढ झाली ती मजुराच्या सदरात. शेतकऱ्याच्या सदरात घट झाली. खातेदारास देण्याच्या मुदतीत सवलत आणि मजुरास काम, ही १८८० नंतरची विभागणी १४० वर्षांनी, नवी नावे धारण करून, जशीच्या तशी उभी राहिलेली दिसते. तगाईच्या जागी अनुदान आले हा फरक मोठा आहे. परंतु ज्या दोन कप्प्यांत माणसे ठेवली जातात ते कप्पे तेच आहेत.

राज्य शासनाच्या कर्जमुक्तीची गोष्ट याला समांतर आहे. महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेचा शासन निर्णय २७ डिसेंबर २०१९ रोजी निघाला. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेल्या आणि ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकित असलेल्या २ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जास ती लागू होती. फेब्रुवारी २०२० मध्ये पात्र खात्यांच्या याद्या लागू लागल्या आणि महिनाभरातच टाळेबंदी आली. राज्याची तिजोरी आटल्यामुळे सुमारे ११ लाख खात्यांवरची रक्कम देता आली नाही. त्यावर २२ मे २०२० च्या निर्णयाने अशी तोड काढण्यात आली की, बँकांनी ती थकबाकी ‘शासनाकडून येणे’ अशी दाखवावी आणि त्या शेतकऱ्यांना खरिपासाठी नवे पीककर्ज द्यावे. पैशाच्या जागी नोंद पुढे करण्याचा हा प्रयत्न होता. त्यात नवे काही नव्हते. तहकुबी ही अशीच एक नोंद असे. फरक इतकाच की, तहकुबीत शेतकरी सरकारचा देणेकरी राही, येथे सरकार बँकेचे देणेकरी झाले.

५. हानीचे माप आणि साहाय्याचे माप

१९१८ ची साथ वेचणीच्या ऐन हंगामात आली होती. २०२० ची टाळेबंदी वेचणी बहुतांशी संपल्यावर आली. मार्चअखेर कापूसपट्ट्यातील शेतकऱ्याचा कापूस शेतात नव्हे, घरात होता. भाव वाढेल या आशेने अनेकजण कापूस उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवतात. त्यांतच फरदडीचा कापूसही असतो. टाळेबंदीने बाजार समित्या, जिनिंग आणि वाहतूक एकदम थांबली. म्हणून पहिल्या साथीत शेतीची हानी मनुष्यबळाच्या रूपाने झाली, तर दुसऱ्या साथीत ती बाजाराच्या रूपाने झाली.

२०१९-२० च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये आणि मध्यम धाग्याचा ५,२५५ रुपये होता. भारतीय कापूस महामंडळ व राज्याचा कापूस पणन महासंघ यांची खरेदी टाळेबंदीत बंद पडली. एप्रिलच्या उत्तरार्धात ती पुनः सुरू झाली ती नोंदणी करून आणि दिवसाला मोजकी वाहने घेऊन. जून उजाडला तरी कापूस घरांत पडून होता आणि खरेदी चालू होती. खरिपाच्या पेरणीसाठी ज्यास रोख रकमेची निकड होती त्यास खाजगी व्यापाऱ्याकडे हमीभावाहून कमी दराने माल घालणे भाग पडले.

या परिस्थितीत २,००० रुपयांचे मोल काय होते? लांब धाग्याच्या हमीभावाने ती सुमारे ३६ किलो कापसाची किंमत होते. एखाद्याने क्विंटलमागे १,००० रुपये तोटा सोसून माल विकला असे समजा. दोन क्विंटलांच्या विक्रीतच हप्ता संपतो. घरात २० क्विंटल असतील तर तोटा हप्त्याच्या दहापट होतो. याच्या उलट, ज्याचा कापूस जानेवारीतच विकला गेला होता त्यासही तोच हप्ता मिळाला. हप्ता सर्वांस समान होता. हानी समान नव्हती. माप जमिनीच्या मालकीचे होते, नुकसानीचे नव्हते.

हे अपरिहार्य होते काय, याचा विचार अन्य देशांतील उदाहरणाने करता येतो. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये कोरोना विषाणू अन्न साहाय्य कार्यक्रम जाहीर झाला. त्यात थेट साहाय्यासाठी १,६०० कोटी डॉलरांची तरतूद होती. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ज्या मालाची किंमत ५ टक्के किंवा अधिक उतरली त्या मालाच्या परिमाणावर रक्कम ठरत असे. कापूसही त्यात होता. जमीन कोणाच्या नावे आहे हा प्रश्न तेथे गौण होता. उत्पादनाची जोखीम कोणी सोसली हा मुख्य होता, आणि म्हणून वाट्याने जमीन कसणारासही त्याच्या वाट्यापुरता लाभ मिळू शके. परंतु या पद्धतीचा दोषही तितकाच उघड आहे. ज्याचा माल मोठा त्याची रक्कम मोठी. एका व्यक्तीस २,५०,००० डॉलर ही मर्यादा होती, यावरूनच रकमा कोठपर्यंत जात असाव्यात हे कळते. तात्पर्य, हानीच्या मापाने वाटावे तर मोठ्यांस झुकते माप मिळते. कुटुंबामागे समान वाटावे तर हानीशी नाते तुटते. निर्दोष माप कोठेच नाही. तथापि कोणते माप निवडले हे शासनाने उघड सांगणे आवश्यक असते. आणि येथे जे माप वापरले गेले ते निवडलेले नव्हते, ते दप्तरात तयार होते म्हणून वापरले गेले.

६. नोंदीबाहेरचा शेतकरी

सन्मान निधीचा लाभार्थी ठरविण्यास भूमी-अभिलेखात नाव असणे ही मूळ अट आहे. त्यासाठी १ फेब्रुवारी २०१९ हा दिवस ठरविण्यात आला. त्यानंतर जमीन नावावर आलेल्यास, वारसाहक्काचा अपवाद सोडता, लाभ नाही. डिसेंबर २०१९ पासून आधार क्रमांकाची जोडणीही आवश्यक झाली. म्हणजे एप्रिल २०२० चा हप्ता मिळण्यास सात-बारा, आधार आणि बँक खाते या तिन्ही ठिकाणी मनुष्याचे नाव जुळणे अवश्य होते. ज्यांचे जुळले त्यांस टाळेबंदीतही, कोणत्याही कचेरीत न जाता, पैसा मिळाला. ज्यांचे जुळले नाही त्यांस ते जुळवून घेण्याच्या सर्व कचेऱ्या त्याच टाळेबंदीने बंद केल्या होत्या.

नोंदीबाहेर राहिलेल्यांत पहिला क्रम मक्त्याने वा बटईने जमीन कसणाऱ्याचा लागतो. त्याचे नाव दप्तरात का नाही, याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. वऱ्हाडात शेतजमिनीच्या पट्ट्यांचे नियमन करणारा कायदा १९५१ मध्ये, म्हणजे हा भाग जुन्या मध्यप्रदेशात असताना, झाला. द्वैभाषिक मुंबई राज्यात विदर्भ आल्यानंतर १९५८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम आला. कुळास मालक करण्याचा त्याचा हेतू होता आणि अनेक कुळांच्या बाबतीत तो सफलही झाला. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा की, नव्याने जमीन कसावयास देणारा मालक ती गोष्ट कागदावर येऊ देईना. व्यवहार चालू राहिला, तो तोंडी झाला. कुळाच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याने पुढच्या पिढीतील कुळास दप्तरातून अदृश्य केले. हा मनुष्य बियाणे, खत व फवारणी यांचा खर्च करतो, मक्ता आगाऊ भरतो आणि पिकाची सर्व जोखीम सोसतो. परंतु हमीभावाने कापूस घालावयाचा तर कापसाच्या पेऱ्याची नोंद असलेला सात-बारा लागतो आणि तो मालकाच्या नावचा असतो. टाळेबंदीत बाजाराची हानी त्यास पूर्ण बसली. साहाय्याचा हप्ता ज्याच्या नावे जमीन त्याच्याकडे गेला.

दुसरा क्रम स्त्रियांचा. योजनेत कुटुंब हा घटक आहे आणि हप्ता ज्याच्या नावे जमीन त्याच्या खात्यात जातो. तो बहुधा पुरुष असतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले होते. विदर्भात त्यास काही गावांनी प्रतिसादही दिला. परंतु सर्वसाधारण चित्र त्याने पालटले नाही. महामारीत या प्रश्नास निराळी धार आली. घरचा खातेदार दगावला तर त्याचा हप्ता थांबतो आणि विधवेचे नाव लागेपर्यंत तिच्या वाट्यास काही येत नाही. त्यासाठी वारसाची नोंद व्हावी लागते, फेरफार मंजूर व्हावा लागतो, दीर व सासरे यांची संमती वा हरकत यांतून पार पडावे लागते. ज्या क्षणी साहाय्याची सर्वाधिक गरज त्याच क्षणी नोंद तुटते, हा या पद्धतीतील सर्वांत मोठा दोष होय. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कोविडने मृत झालेल्यांच्या कुटुंबीयांस सानुग्रह साहाय्य मिळण्याचा मार्ग मोकळा झाला व पुढे ती रक्कम ५०,००० रुपये ठरली. तेथे आधार मृत्यूच्या नोंदीचा होता, जमिनीचा नव्हता, आणि म्हणून भूमिहीनासही त्या दारातून आत येता आले.

यवतमाळ जिल्ह्यास नोंदीचा हा प्रश्न महामारीने प्रथम दाखविला असेही नाही. शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात राज्य शासनाने २००६ मध्ये ठरविलेल्या पद्धतीनुसार मृताच्या कुटुंबास १ लाख रुपये मिळतात. त्यांतील ३० हजार रोख व ७० हजार ठेवीच्या रूपाने. त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते आणि पात्रतेच्या अटींत कुटुंबाच्या नावे शेतजमीन असणे व कर्जाची थकबाकी असणे यांचा समावेश आहे. सावकाराकडून तोंडी कर्ज घेऊन दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचे प्रकरण त्यामुळे ‘अपात्र’ ठरू शकते. तो शेतकरी नव्हता असा त्याचा अर्थ नव्हे. तो नोंदीत शेतकरी नव्हता असा आहे. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत संपूर्ण माफीसाठी २ हेक्टरांची मर्यादा होती, तेव्हाही विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याने हेच अनुभवले. ओलिताच्या २ हेक्टरांचे उत्पन्न आणि कोरडवाहू ४ हेक्टरांचे उत्पन्न यांतील फरक हेक्टरांच्या आकड्यास कळत नव्हता.

निराळी नोंद अशक्य होती असे म्हणता येत नाही. ओडिशाने सन्मान निधीच्या सुमारासच सुरू केलेल्या कालिया योजनेत वाटेकरी व भूमिहीन शेतमजूर कुटुंबे यांचा समावेश केला. आंध्रप्रदेशाने २०१९ मध्ये पीक कसणाऱ्याच्या हक्काचा कायदा करून मालकाच्या मालकीस धक्का न लावता कसणाऱ्यास ओळखपत्र देण्याची सोय केली. त्या योजनांच्या अंमलबजावणीत उणिवा राहिल्या. मालकाची संमती मिळविणे ही अडचण तेथेही आहे. परंतु कसणारा हा स्वतंत्र घटक म्हणून लिहिता येतो, एवढे त्यांनी सिद्ध केले. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. तीत पिकाची नोंद शेतकरी स्वतः करतो, पण ती खातेदाराच्या खात्यावर.

७. उपसंहार

या विवेचनाचा अर्थ, साहाय्य निष्फळ होते असा काढणे योग्य होणार नाही. पंचनाम्याची पद्धत डोळ्यांसमोर ठेवली म्हणजे थेट हप्त्याचा गुण लक्षात येतो. त्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, अतिवृष्टीसाठी राज्य शासनाने १०,००० कोटींचे साहाय्य जाहीर केले. कोरडवाहू पिकास हेक्टरी १०,००० रुपये, २ हेक्टरांच्या मर्यादेत. ते हानीच्या मापाने होते. परंतु हानी पाहावयास तलाठी, ग्रामसेवक व कृषी साहायक यांना बांधावर जावे लागते, त्यास वेळ लागतो आणि कोणाचे नुकसान किती लिहावयाचे यात मनुष्याच्या मर्जीस वाव राहतो. सन्मान निधीत मर्जीस वाव नव्हता, विलंब नव्हता. याद्यांत चुका होत्या. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार ४२ लाखांहून अधिक अपात्र व्यक्तींस सुमारे ३,००० कोटी रुपये दिले गेले होते. तथापि टाळेबंदीच्या पहिल्या पंधरवड्यात कोट्यवधी घरांत रोख पैसा पोचविणे ही सामान्य गोष्ट नव्हती. १९१८ मध्ये असे काही कल्पनेतही नव्हते.

प्रश्न आहे तो या वेगाच्या किमतीचा. वेग आला तो नोंद तयार होती म्हणून. वगळणूक झाली तीही नोंद तयार होती म्हणून. दोन्ही एकाच गोष्टीचे परिणाम आहेत. आपत्ती आल्यावर नवी यादी करण्यास अवधी नसतो. जी यादी हाती असेल तिच्यावरूनच वाटप होते. म्हणून आपत्तीत कोणास साहाय्य मिळेल हे आपत्तीपूर्वीच, शांततेच्या काळात, तलाठ्याच्या दप्तरात ठरून गेलेले असते. महामारीच्या साहाय्याचा इतिहास हा या अर्थाने महामारीचा इतिहास कमी आणि दप्तराचा इतिहास अधिक आहे.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळ येथील कार्यक्रमात सन्मान निधीचा सोळावा हप्ता देशभरच्या शेतकऱ्यांस वितरित झाला आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे हप्तेही देण्यात आले. त्याच कार्यक्रमात वर्धा–कळंब या नव्या लोहमार्गावरील गाडीस हिरवा झेंडा दाखविण्यात आला. राज्याची योजना केंद्राच्याच यादीवर उभी आहे. ज्यास एक मिळते त्यास दुसरी मिळते, ज्यास एक मिळत नाही त्यास दोन्ही मिळत नाहीत. त्यानंतर शेतकऱ्यास स्वतंत्र ओळख क्रमांक देण्याचे काम राज्यात सुरू झाले, तेही भूमी-अभिलेखाशी जोडूनच. यादी जितकी अधिक कामांस वापरावी तितकी तीत नसण्याची किंमत वाढत जाते.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस कळंब हे नाव दप्तरात गेले ते वसुलीसाठी. एकोणिसाव्या शतकात खातेदाराचे नाव त्यात गेले तेही वसुलीसाठी. एकविसाव्या शतकात शासनाने त्याच दप्तराचा उपयोग देण्यासाठी केला. घेण्यासाठी केलेल्या यादीत सारा भरणारा एक मनुष्य सापडला म्हणजे पुरे असते. देण्यासाठी करावयाच्या यादीत राबणारा प्रत्येकजण सापडावा लागतो. हा भेद ध्यानात घेऊन कसणाऱ्याची नोंद मालकाच्या नोंदीहून वेगळी ठेवली गेली नाही, तर पुढील साथीतही साहाय्य तितक्याच वेगाने निघेल आणि कळंबच्या शिवारात मक्त्याची जमीन कसणाऱ्याच्या दारावरून तितक्याच वेगाने पुढे जाईल.